कर्णावर घडी घालून पाहा

आयताचा कर्ण हा त्याच्या सममितीचा अक्ष असतो का? पाचवी-सहावीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की ‘हो’ म्हणणारी मुले हमखास निघतात, आणि त्यांत हुशार समजली जाणारीही असतात. त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नसते. कर्णामुळे आयताचे दोन त्रिकोण होतात, ते अगदी सारखे असतात, आणि आकृतीचे दोन समान भाग करणारी रेषा म्हणजे सममितीचा अक्ष असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. म्हणजे मूल व्याख्या विसरले म्हणून चुकत नाही, लक्षात ठेवली म्हणून चुकते. वहीचे एक पान फाडून कर्णावर घडी घातली की वाद मिटतो. दोन कोपरे दोन बाजूंना बाहेर डोकावतात, अर्धे पान उरलेल्या अर्ध्यावर बसत नाही. गंमत अशी की फसलेल्या त्या घडीतून जी पाच बाजूंची आकृती तयार होते, ती स्वतः मात्र सममित असते.

लहान मुलांना रेषीय सममिती कधी आणि कशी शिकवावी याची चर्चा आज करण्याला निमित्त आहे. राज्यात २०२५-२६ पासून, पहिलीपासून सुरुवात करून, नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. गेली काही वर्षे चालत असलेल्या सहावीच्या गणितात सममितीला स्वतंत्र प्रकरण आहे. एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्येही ते आहे, आणि त्याच संस्थेच्या तिसरीच्या नव्या पुस्तकात हा विषय सूरजकुंडच्या जत्रेच्या धड्यातून डोकावतो. तेव्हा शिकवावे की नाही हा वाद उरलेला नाही. वाद आहे तो किती लवकर सुरू करावे, कशाने शिकवावे आणि त्यावर किती वेळ खर्चावा, याचा.

लवकर सुरू करावे असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू, कारण ती पटकन पटते. सममिती डोळ्याला शिकवावी लागत नाही. बोर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये चार महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात दिसले की उभ्या अक्षाभोवती सममित असलेल्या आकृत्या बाळे इतर आकृत्यांपेक्षा लवकर ओळखीच्या करून घेतात. शाळेत येणारे मूल तर अंगणातली ठिपक्यांची रांगोळी, दसऱ्याला लुटलेले आपट्याचे पान, गणपतीच्या मखराला लावलेली कातरकामाची नक्षी असे सगळे पाहून आलेले असते. आपट्याच्या पानाला तर निसर्गानेच मधोमध घडी घालून दिलेली आहे. साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य. शिवाय ज्या मुलाला बेरीज-वजाबाकी अजून झेपत नाही, तेही कागद दुमडून बरोबर उत्तर काढू शकते. गणिताच्या तासाला त्या मुलाच्या वाट्याला येणारा असा क्षण विरळाच असतो.

दुसरी बाजू तितकीच ठोस आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी करता आली. ‘निपुण भारत’ मोहीम २०२१ मध्ये सुरू झाली, तिचे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि अंकांशी व्यवहार करता यावा असे आहे, आणि त्या लक्ष्याच्या मागे शिक्षक रात्रंदिवस धावत आहेत. अशा वेळी द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना कोणी सांगितले की आता फुलपाखराच्या चित्राला अक्ष काढायला शिकवा, तर त्यांनी कपाळाला हात लावला तर नवल नाही. फुलपाखरे रंगवण्यात तास जातो, वहीत शेरा पडतो, निष्पत्तीच्या तक्त्यात बरोबरची खूण होते आणि गणित होत नाही. हा आरोप खोटा म्हणता येणार नाही.

या आरोपाला दिले जाणारे एक उत्तर मला पटत नाही. सममिती ही आधुनिक विज्ञानाची किल्ली आहे, एमी नोएथरने १९१८ मध्ये ऊर्जेसारख्या राशींच्या अक्षय्यतेचे नियम सममितीशी जोडून दाखवले, म्हणून दुसरीपासून सममिती हवीच, असे उत्साहाने सांगितले जाते. नोएथरचे काम थोर आहे, पण सात वर्षांच्या मुलाने घातलेल्या घडीपासून ते इतके लांब आहे की त्याचा दाखला देऊन वेळापत्रकात तास मागणे हा निव्वळ रुबाब झाला. त्या तर्काने दुसरीत काहीही घुसवता येईल.

पटते ते साधे उत्तर. ‘निपुण’च्या मांडणीतच आकार व अवकाशाची समज हा अंकज्ञानाचा एक घटक म्हणून धरलेला आहे, अंक वेगळे आणि आकार वेगळे अशी भिंत तिथेही नाही. आणि सममितीतून संख्येकडे जाणारी वाट आडवळणाची नाही. कागदाची घडी म्हणजे अर्धा, घडीवर घडी म्हणजे पाव. घडीच्या एका बाजूला चार ठिपके असतील तर उलगडल्यावर आठ. मग मुलांना विचारावे की सात ठिपक्यांची सममित आकृती करता येईल का. थोडी झटापट झाल्यावर कोणीतरी एक ठिपका बरोबर घडीवर ठेवतो, आणि विषम संख्येत एकाला जोडीदार मिळत नाही ही गोष्ट त्या वर्गाने स्वतः शोधलेली असते. सम-विषमचा याहून चांगला धडा कागदावर पेन्सिलीने होत नाही. मात्र हा प्रश्न विचारला तरच. न विचारता नुसते ठिपके रंगवले तर विरोधकांचे म्हणणे खरे ठरते.

किती लवकर, यावर जगातही एकमत नाही. इंग्लंडच्या २०१३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सहा-सात वर्षांच्या मुलांना उभ्या रेषेतली सममिती ओळखता यावी अशी अपेक्षा आहे. आकृती कशीही फिरवून ठेवली तरी अक्ष सापडावा, दिलेल्या अक्षाभोवती आकृती पूर्ण करता यावी, ही अपेक्षा आठ-नऊ वर्षांच्या वर्गात येते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’मध्ये रेषीय सममितीचे नाव थेट चौथीत निघते. दोन्हीकडे विचार करणारी माणसे होती. एकाने डोळ्याच्या ओढीवर भरवसा ठेवला, दुसऱ्याने शब्द आणि व्याख्या पेलण्याच्या वयाची वाट पाहिली.

१९५७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात पियरे व्हान हीले आणि डिना व्हान हीले-खेल्डोफ या शिक्षक दांपत्याने भूमिती शिकण्याच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्या या वादात उपयोगी पडतात. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा पाहते: हा पतंगासारखा दिसतो म्हणून पतंग. पुढच्या पायरीवर ते गुणधर्म पाहू लागते, आणि गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध त्याच्याही पुढे. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलतो आणि मूल खालच्या पायरीवरून ऐकते, तेव्हा दोघे एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात, हा त्यांचा मुद्दा कोणत्याही अनुभवी शिक्षकाला ओळखीचा वाटेल. दुसरीतल्या मुलाला ‘अक्ष’ म्हणजे चित्राच्या मधोमध उभी असलेली रेघ. बिंदू आणि त्याची प्रतिमा अक्षापासून सारख्या अंतरावर असतात आणि त्यांना जोडणारी रेषा अक्षाला लंब असते, हे वाक्य त्याच्या कानावरून जाईल. कानात शिरणार नाही. म्हणून अमेरिकेची वाट पाहणे समजण्याजोगे आहे.

पण वाट पाहण्याचाही तोटा असतो, आणि इंग्लंडसारखे फक्त उभ्या रेषेपासून सुरू करण्याचाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात शाळकरी मुलांच्या गणिती समजेचा मोठा अभ्यास झाला. त्यातला परावर्तनाविषयीचा भाग डिट्मार क्यूखमान यांनी केला आणि तो १९८१ च्या पुस्तकात आला. त्यात दिसले की अक्ष उभा किंवा आडवा असेपर्यंत मुले निभावून नेतात, तो तिरका झाला की मोठी मुलेही घसरतात. अक्षाचा तिरकेपणा बाजूला ठेवून ती प्रतिमा सरळ आडवी किंवा सरळ खाली नेऊन ठेवतात. यात नवल नाही. वर्षानुवर्षे ज्यांनी उभीच रेघ पाहिली, त्यांच्या मनात ‘सममिती म्हणजे डावे-उजवे सारखे’ हेच घट्ट बसणार. डोळ्याला जे सोपे जाते त्याच्याच मागे अध्यापन गेले तर डोळ्याच्या मर्यादाही अभ्यासक्रमात येऊन बसतात.

यावर उपाय महाग नाही. घडी घातलेला कागद हातात फिरवता येतो. पहिलीच्या मुलाने पान दुमडून शाईचा ठसा उमटवला की बाईंनी ते पान तिरके धरून विचारावे: आता? आडवे धरून विचारावे: आता? अक्ष कागदाचा आहे, खोलीचा नाही, हे मुलाला शब्दांशिवाय कळते. पुढे चौकटीच्या वहीत चौकोनांच्या कर्णांवरून जाणारा अक्ष आला की तेच मूल वही फिरवून तो अक्ष स्वतःसमोर उभा करील. ही सवय लागली तर क्यूखमान यांच्या चाचणीतली घसरगुंडी बरीच टळेल असे मला वाटते.

इथे साधनांकडे नीट पाहिले पाहिजे. ‘कृतीतून शिकवा’ असे सगळेच म्हणतात, पण कोणती कृती काय शिकवते याचा हिशेब क्वचित मांडला जातो. कातरकामाचे उदाहरण घ्या. कागद दुमडायचा, कात्रीने वाटेल तसे कापायचे, उलगडायचे. आत काहीही कापले तरी बाहेर सममितच येते. आनंद मोठा, पण मूल कधी चुकतच नाही, आणि जिथे चूक शक्य नाही तिथे प्रश्नही उभा राहत नाही. मुलाला कागद उलगडण्याआधी आत काय दिसेल ते काढून दाखवायला लावले, तरच या कृतीत गणित शिरते. घडी घालून तपासणे ही वेगळी कृती आहे: आकृती आधी दिलेली आहे, घडी नंतर, इथे ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. चौरसाला चार घड्या सापडतात, आयताला दोनच, समभुज त्रिकोणाला तीन. समांतरभुज चौकोनाला एकही नाही, आणि हे पचायला मुलांना फार जड जाते, कारण तो चौकोन दिसायला इतका व्यवस्थित असतो. वर्तुळाशी मुले घड्या मोजत राहतात आणि थकून थांबतात. थांबल्यावर होणारी चर्चा अनंताची पहिली ओळख ठरू शकते.

आरसा आणखी वेगळे काम करतो. आयताच्या कर्णावर आरसा उभा धरला तर आरशासह आयत दिसत नाही, पतंग दिसतो. जे व्याख्येने अर्ध्या तासात पटत नाही ते आरसा क्षणात पटवतो. मॅरियन वॉल्टर या गणितशिक्षिकेने १९६० च्या दशकात अमेरिकेत याच कल्पनेवर आरशाची कार्डे तयार केली होती. एका कार्डावरच्या चित्रावर आरसा असा ठेवायचा की दुसऱ्या कार्डावरची आकृती दिसावी. आणि काही आकृत्या मुद्दाम अशा की आरसा कसाही ठेवला तरी दिसू नयेत. ही ‘मुद्दाम’ची खुबी आपल्या पुस्तकांत कमी पडते. आपल्याकडच्या स्वाध्यायांत दिलेल्या बहुतेक आकृत्यांना अक्ष असतोच, म्हणून मूल अक्ष आहे का हे न पाहता तो कुठे आहे एवढेच शोधते. काचेचा आरसा वर्गात फुटतो, लागतो, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. गत्त्यावर चिकटवलेला चकचकीत प्लास्टिकचा पत्रा काम भागवतो. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचा जो वस्तुपाठ घालून दिला, त्या वाटेने गेले तर साहित्याची सबब उरत नाही.

चौकटीची वही हे चौथे साधन, आणि सर्वांत गणिती. इथे तीन घरे अलीकडे तर तीन घरे पलीकडे असे मोजावे लागते, म्हणजे ‘सारखे दिसते’कडून ‘सारख्या अंतरावर आहे’कडे जावे लागते. व्हान हीले दांपत्याची पायरी चढायची जागा हीच. माझ्या मते ती चौथीच्या आसपास चढावी. त्याआधी वहीत रेघा मारायला लावल्या तर हात वळत नाही म्हणून मूल चुकते आणि शिक्षकाला वाटते त्याला सममिती कळली नाही. अंध मुलासाठी मात्र घडी आणि उठावाची रेघ हीच मुख्य वाट आहे, ती कोणत्याही इयत्तेत बंद करू नये.

कागदाच्या घड्यांतून भूमिती ही कल्पना परदेशी फॅड आहे असे कुणाला वाटत असेल तर एक नाव सांगावेसे वाटते. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांनी भूमिती करण्याचे इंग्रजी पुस्तक काढले. बालवाडीतल्या कागदी घड्यांवरून आपल्याला ते सुचले असे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि पुढे अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. बालवाडीच्या कागदापासून उच्च भूमितीपर्यंतचा रस्ता मद्रासेत आखला गेला, आणि आपल्या शाळांत घडी अजूनही कार्यानुभवाच्या तासापुरती आहे.

आता उदाहरणांबद्दल, कारण पुस्तकांचा कस तिथे लागतो. फुलपाखरू, पान, फूल ही ठरलेली त्रयी. यातले फूल घोटाळा करते. चाफ्याचे फूल हातात घ्या: पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली गेलेली. सदाफुलीचेही तसेच, जास्वंदीचेही. फूल फिरवले तर पुन्हा तसेच दिसते, पण मधोमध घडी घातली तर पाकळीवर पाकळी बसत नाही. ती फिरकी आहे. गोकर्णाच्या फुलाला मात्र खरोखर एकच अक्ष आहे. कडुलिंबाच्या डहाळीवरची पानोळी तर देठाजवळ दोन बाजूंना सरळसरळ असमान असते. शाळेच्या आवारात बहुधा यांतले काहीतरी असतेच. ‘फूल सममित असते’ हे वाक्य पाठ करण्याऐवजी मुलांनी कोणते असते आणि कोणते नसते ते ठरवावे, आणि निसर्गात सममिती ‘जवळजवळ’ असते हेही जाता जाता ऐकावे.

स्वस्तिक हे तर आपल्या दारातले उदाहरण. ते सममित आहे असे मोठी माणसेही ठामपणे सांगतात. चतकोर फिरवले तर तसेच दिसते, पण आरशात उलटे होते. अक्ष एकही नाही. गणपतीची मूर्ती पुढून पाहिली तर सममित भासते, मग सोंड एकीकडे वळलेली, एक दात मोडका, चार हातांत चार वेगळ्या वस्तू. सममिती कुठे मोडते ते शोधण्यात मुले जितकी रमतात तितकी ती असल्याचे सांगण्यात रमत नाहीत. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला सहल गेली तर मुख्य घुमटाच्या चार बाजूंचे मिनार दाखवावेत आणि पश्चिमेला नंतर बांधलेल्या मशिदीमुळे तोल कसा बदलतो तेही दाखवावे. रांगोळीबद्दल एकच सूचना: ती मुलींच्या गटाला आणि मापन मुलांच्या गटाला अशी वाटणी काही शाळांत अजून होते, ती बंद व्हावी. चेहऱ्याचे उदाहरण शक्यतो टाळावे. वर्गात एखाद्याच्या गालावर व्रण असतो, एखादीचा ओठ दुभंगलेला असतो. गणितासाठी त्यांना फळ्यासमोर उभे करण्याची गरज नाही.

अक्षरांची गोष्ट मजेशीर आहे. सममितीच्या स्वाध्यायात इंग्रजी कॅपिटल अक्षरे हमखास येतात, कारण त्यांतली निम्म्याहून जास्त सममित आहेत. देवनागरीत ठ सोडला तर फारसे कोणी हाती लागत नाही. मराठी शाळेत पहिलीला इंग्रजी असले तरी सममितीसाठी इंग्रजी लिपी हे एकमेव साधन समजू नये. आपले अंक आहेत. ३ आणि ६ एकमेकांची जवळजवळ आरशातली प्रतिमा आहेत. पाठीला पाठ लावून बसले म्हणून तर छत्तीसचा आकडा. लहान मुले या दोहोंत गोंधळतात, उलटे लिहितात. पहिलीत आरसा आणला तर हा गोंधळ वाढेल अशी काही शिक्षकांना भीती वाटते. वाचायला शिकताना मेंदूला डावे-उजवे एकच समजण्याची मूळ सवय मोडावी लागते, असे मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास देहान सांगतात. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. तरी मी तिला फार वजन देत नाही. ३ समोर आरसा धरला की ६ सारखे काहीतरी दिसते हे मुलाने पाहिले तर दोघांतला फरक त्याच्या लक्षात राहण्याचीच शक्यता जास्त. फक्त अंकओळख पक्की होण्याच्या त्या पहिल्या काही आठवड्यांत हा खेळ करू नये, एवढे पथ्य पुरे.

परीक्षांचा विषय टाळता येत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा असते. सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या नवोदयच्या परीक्षेत आरशातली प्रतिमा, अपुरी आकृती पूर्ण करणे, दुमडून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे प्रश्न येतात. यामुळे विषयाला किंमत आली हे खरे, आणि तो क्लृप्त्यांचा झाला हेही खरे. मात्र सगळ्या क्लृप्त्या वाईट नसतात. प्रश्नपत्रिका उजेडात धरून मागून पाहिली की आरशातली प्रतिमा दिसते, ही क्लासमध्ये चोरून सांगितली जाणारी युक्ती खरे तर उत्तम भूमिती आहे. ती वर्गात उघडपणे सांगून ‘असे का होते’ विचारायला हवे. वाईट आहे ते ‘अक्ष किती?’ एवढेच विचारणे. आकृतीखाली लिहिलेला चार हा आकडा मुलाला काय कळले याबद्दल काही सांगत नाही.

संगणकाबद्दल थोडक्यात. जिओजेब्रासारखे मोफत साधन तिरक्या अक्षावरही प्रतिमा अचूक काढते आणि बिंदू सरकवला की प्रतिमा सरकते. सहावीपुढे त्याला तोड नाही. खालच्या वर्गात मात्र पडदा उत्तर फार लवकर देतो, मुलाला अंदाज बांधायला वेळच उरत नाही. खालच्या वर्गांत कागदाला पर्याय नाही.

तेव्हा माझा कौल असा. सुरुवात पहिली-दुसरीतच व्हावी, पण तिथे ‘अक्ष’ हा शब्द, त्याची व्याख्या आणि त्यांची मोजणी नसावी; घडी, ठसा, आरसा आणि फिरवलेला कागद एवढेच असावे. यासाठी वेगळा तास मागू नये. खालच्या वर्गांत चित्रकला, कार्यानुभव आणि गणित बहुधा एकच शिक्षक घेतो. तो कातरकामाच्या वेळी एक नेमका प्रश्न विचारील तर वजाबाकीचा एकही मिनिट कमी न होता काम होईल. याला एक धोका आहे: प्रश्न राहून जाईल आणि कातरकाम उरेल. म्हणून तो प्रश्न शिक्षकाच्या आठवणीवर न सोडता शिक्षक हस्तपुस्तिकेत शब्दशः छापलेला असावा. चौथीत चौकटीची वही यावी, तिरक्या अक्षासह. व्याख्या पाचवीनंतर, आणि ती ‘समान भाग’ अशी नको, ‘घडी घातल्यावर तंतोतंत एकमेकांवर बसणारे भाग’ अशी हवी. जिथे तिसरीची बहुतांश मुले वजाबाकीत अडलेली आहेत तिथे सममितीचा लेखी स्वाध्याय पुढे ढकलला तर मी त्या शिक्षकाला दोष देणार नाही. कागद मात्र काढून घेऊ नये.

नवी पुस्तके लिहिणाऱ्यांकडे मागणी मोठी नाही. सममितीच्या प्रत्येक स्वाध्यायात निदान तिसरा हिस्सा आकृत्या अशा द्याव्यात ज्यांना एकही अक्ष नाही, त्यांत समांतरभुज चौकोन आणि स्वस्तिक असावेत, आणि आयत आला की मुलांना त्याच्या कर्णावर घडी घालायला सांगणारी एक ओळ छापावी.